वाचकांचे प्रश्न : कंपायलर बोट दाखवतो तिथेच चूक असते का?

मागच्या अंकात प्रोग्रामिंग शिकताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात असे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांत कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्रसंकेतात बदलणारे साधन) आणि तशीच इतर साधने देतात त्या एरर आणि वॉर्निंग यांविषयीची पत्रे इतकी निघाली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागले. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे न छापता गाव तेवढे दिले आहे.

प्रश्न : मी हायर सेकंडरीत बारावीला शिकतो. सी भाषेतल्या माझ्या प्रोग्राममध्ये १३व्या ओळीवर ‘इंट वजन’ आणि १४व्या ओळीवर ‘इंट दर, रक्कम;’ असे होते. कंपायलरने १४व्या ओळीत एरर असल्याचे सांगितले. ती ओळ मी आणि टीचरने अक्षर न् अक्षर तपासली, पण तीत काहीच चुकलेले नव्हते. खाली आणखी पुष्कळ एरर होत्या. १३व्या ओळीच्या शेवटी सेमिकोलन घालताच सगळ्या एकदम नाहीशा झाल्या. मग कंपायलर चुकीची माहिती का देतो? (फोंडा)

उत्तर : कंपायलरने दिलेली माहिती खरी आहे, फक्त ती तुम्हाला हवी असलेली माहिती नव्हे. ‘१४व्या ओळीत एरर’ याचा अर्थ ‘१४व्या ओळीपर्यंत वाचत आलो आणि इथे माझे अडले’ एवढाच असतो. सी भाषेच्या व्याकरणात ओळ संपणे आणि मोकळी जागा सोडणे यांना सारखेच मोल असल्यामुळे तुमच्या त्या दोन ओळी कंपायलरला ‘इंट वजन इंट दर, रक्कम;’ अशा सलग दिसतात. ‘वजन’ या नावापुढे स्वल्पविराम, बरोबरीचे चिन्ह, चौकटी कंस किंवा सेमिकोलन यांपैकी काहीही चालले असते आणि ते पुढच्या ओळीच्या आरंभी आले असते तरी नियमाला बाध नव्हता. त्यामुळे १३वी ओळ संपली तेव्हा काही बिघडले आहे असे मानायला कंपायलरपाशी कारणच नव्हते. दुसरा ‘इंट’ समोर आला तेव्हा ते त्याला कळले आणि जिथे कळले तिथली ओळ त्याने सांगितली. नव्या आवृत्त्यांतले कंपायलर अशा वेळी आधीच्या शब्दाच्या शेवटाकडे बोट दाखवून ‘येथे सेमिकोलन हवा होता’ असे सुचवतात, पण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अजून जुनी साधने वापरात असतात आणि त्यांच्याकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

आता उरलेल्या एररविषयी. अडल्यावर कंपायलरने काय करावे, हा जुना प्रश्न आहे. पहिल्याच चुकीपाशी थांबणे सर्वांत सोपे; परंतु पंचकार्डांच्या काळात कार्डांचा गठ्ठा दिल्यावर निकाल हाती यायला तासन् तास लागत, तेव्हा एका फेरीत शक्य तितक्या चुका कळणे महत्त्वाचे होते. त्यामुळे अडलेल्या जागेपासून पुढचा सेमिकोलन किंवा मिटणारा महिरपी कंस येईपर्यंतचा मजकूर सोडून द्यायचा आणि तिथून वाचन पुन्हा सुरू करायचे, ही रीत रूढ झाली. तुमच्या बाबतीत सोडून दिलेल्या त्या तुकड्यातच ‘दर’ आणि ‘रक्कम’ यांची घोषणा, म्हणजे ही नावे वापरणार असल्याची नोंद, होती. पुढे ही नावे भेटताच ‘हे नाव घोषित केलेले नाही’ अशी तक्रार आली, कारण कंपायलरच्या दृष्टीने ती कधी घोषित झालीच नव्हती. जीसीसी हा कंपायलर एका फंक्शनमध्ये एका नावाबद्दल ही तक्रार एकदाच करतो. सगळेच एवढा संयम पाळत नाहीत.

१९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी केलेला पीएल/सी हा कंपायलर तर याच्याही पुढे जाऊन चूक स्वतःच दुरुस्त करी आणि प्रोग्राम चालवून दाखवी. कल्पना मोठी कौतुकास्पद होती, परंतु लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याचा तो केवळ तर्क असे आणि तो दर वेळी जुळेलच असे नव्हते.

व्यवहारात पहिली एरर तेवढी दुरुस्त करावी, पुन्हा कंपाइल करावे आणि मगच पुढची वाचावी. दाखवलेली ओळ निर्दोष असेल तर नजर नेहमी वर न्यावी, कारण अडण्याची जागा मूळ चुकीच्या आधी येत नाही. फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर एरर आली तर बहुधा कुठला तरी महिरपी कंस मिटायचा राहिलेला असतो. हेडर फाइलच्या (दुसऱ्या फाइलींच्या आरंभी जोडल्या जाणाऱ्या फाइलच्या) शेवटी असलेल्या स्ट्रक्चरनंतरचा सेमिकोलन राहिला, तर अनेक कंपायलर ती एरर दुसऱ्याच फाइलमध्ये दाखवतात, आणि नवशिक्याचा अख्खा तास तिथे जातो.

प्रश्न : मोबाइलवर आलेल्या पीडीएफ नोट्समधला प्रोग्राम जसाच्या तसा कॉपी केला. दिसायला सगळे बरोबर आहे, पण ‘भरकटलेले ३४२’, ‘भरकटलेले २००’, ‘भरकटलेले २३४’ अशा अर्थाच्या एरर एकाच ओळीवर तीन-तीन येतात. (पेडणे)

उत्तर : टाइपसेटिंग करणारी सॉफ्टवेअर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे घालतात. सी भाषेला ती ठाऊक नाहीत. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत डावीकडचे वळणदार दुहेरी चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते आणि ते तीन बाइट अष्टमान पद्धतीत ३४२, २००, २३४ असे लिहिले जातात. जीसीसीच्या जुन्या आवृत्त्या प्रत्येक बाइटाविषयी वेगळी तक्रार करतात, म्हणून एका चिन्हामागे तीन एरर. चिन्हे पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करावीत, आणि खरे तर नोट्समधला प्रोग्राम स्वतःच टाइप करावा.

प्रश्न : वर्गमूळ काढणारा माझा प्रोग्राम घरच्या विंडोजवर नीट चालतो, पण कॉलेजच्या लिनक्सवर ‘स्क्वेअररूटचा संदर्भ सापडत नाही’ अशी एरर येते. तिच्यात ओळीचा क्रमांकही नसतो. गंमत म्हणजे कंसात थेट २५ लिहिले तर तोच प्रोग्राम लिनक्सवरही चालतो. वापरकर्त्याकडून आकडा घेतला की मात्र अडतो. (वाळपई)

उत्तर : ही एरर कंपायलरची नाही. तुम्ही देता ती एकच कमांड पाठोपाठ अनेक साधने चालवते आणि त्यांतले शेवटचे साधन म्हणजे लिंकर. तुमची भाषा बरोबर आहे हे कंपायलरने आधीच मान्य केलेले असते. लिंकर फक्त एवढेच पाहतो की ज्या फंक्शनांची नावे वापरली आहेत त्यांचा प्रत्यक्ष यंत्रसंकेत कुठे आहे. त्याच्या हाती मूळ मजकूर नसून कंपायलरने तयार केलेली ऑब्जेक्ट फाइल असते. त्यामुळे ओळीऐवजी ‘टेक्स्ट’ विभागाच्या आरंभापासूनचे अंतर सोळामान आकड्यात छापले जाते. तो आकडा वाचण्याच्या फंदात तुम्ही पडू नये. नाव वाचावे, कारण उपयोगाची माहिती त्या नावातच आहे.

लिनक्सवर गणिती फंक्शने वेगळ्या लायब्ररीत (तयार फंक्शनांच्या संग्रहात) ठेवलेली असल्यामुळे कमांडच्या शेवटी ‘-एलएम’ हा पर्याय द्यावा लागतो. तो फाइलच्या नावानंतरच द्यावा. आधी दिल्यास उबुंटूसारख्या प्रणालींवर लिंकर ‘या लायब्ररीची अजून कोणाला गरज नाही’ असे ठरवून ती बाजूला टाकतो. विंडोजवरच्या जीसीसीत ही वेगळी लायब्ररी सांगावी लागत नाही. आणि २५ लिहिल्यावर प्रोग्राम चालतो, कारण २५ चे वर्गमूळ जीसीसी कंपाइल करतानाच काढून तिथे थेट ५ घालतो. फंक्शनला हाकच मारली जात नाही, तेव्हा लिंकरला ते शोधावेही लागत नाही.

प्रश्न : पायथनमध्ये एरर आली की लांबलचक यादी येते. ती वरून वाचावी की खालून? (मडगाव)

उत्तर : खालून. सर्वांत खालच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि कारण असते, तिच्या लगेच वर ती जिथे घडली ती ओळ, आणि वर जाल तसे कोणी कोणाला हाक मारली होती त्याची साखळी असते. त्या साखळीतल्या पुष्कळ ओळी लायब्ररीच्या फाइलींमधल्या असतात. खालून वर जाताना स्वतःच्या फाइलचे नाव प्रथम जिथे दिसेल तिथे थांबावे. शक्य असल्यास पायथनची ३.११ किंवा त्यापुढची आवृत्ती वापरावी. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून ‘हा कंस मिटवलेलाच नाही’ असे स्पष्ट संदेश मिळू लागले आणि ३.११ पासून ओळीतला नेमका तुकडाही अधोरेखित होतो.

प्रश्न : खनिजाच्या ट्रकांच्या वजनाचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्राम माझ्या भाच्याने सी भाषेत लिहून दिला आहे. नव्या संगणकावर तो पुन्हा कंपाइल केला तेव्हा पडदाभर वॉर्निंग आल्या. भाचा म्हणतो, ‘मामा, या वॉर्निंग आहेत, एरर नव्हेत, प्रोग्राम चालतो ना?’ त्याने एक पर्याय घालून त्या सगळ्या बंदही केल्या. हे योग्य आहे का? (डिचोली)

उत्तर : प्रोग्राम चालतो हे खरे, पण तो बरोबर चालतो याची हमी त्यातून मिळत नाही. एरर आली म्हणजे साधनाला काम पुढे नेता आले नाही. वॉर्निंग आली म्हणजे काम पूर्ण झाले, पण लिहिणाऱ्याला हेच करायचे होते का याची साधनाला शंका आहे. सी भाषेचे अधिकृत मानक तर या दोहोंत भेदच करत नाही. नियम मोडला असेल तर काहीतरी संदेश द्यावा एवढीच त्याची अट आहे आणि काम थांबवायचे की नाही हे ते कंपायलर लिहिणाऱ्यांवर सोडते. त्यामुळे ही सीमा काळानुसार सरकतेही. न घोषित केलेले फंक्शन वापरले तर जीसीसी वर्षानुवर्षे वॉर्निंगवर भागवत असे. २०२४ मध्ये आलेल्या १४व्या आवृत्तीपासून तीच गोष्ट एरर ठरते. भाच्याने आज झाकलेल्यांपैकी काही वॉर्निंग पुढच्या संगणकावर प्रोग्राम अडवू शकतात.

तुमच्या व्यवसायातलेच उदाहरण घेऊ. ट्रकचे निव्वळ वजन १०.८५ टन आले आणि ते पूर्णांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये घातले, तर सी भाषा अपूर्णांक छाटून १० ठेवते. ती जवळच्या पूर्णांकाकडे वळवत नाही, नुसती छाटते. ट्रकमागे ८५० किलो हिशेबातून गेले आणि कुठेही एरर आली नाही. आता यातली खोच पाहा : जीसीसीला ‘-डब्ल्यूऑल’ म्हणजे नावाप्रमाणे ‘सगळ्या वॉर्निंग दाखव’ असा पर्याय दिला तरी ही वॉर्निंग येत नाही, ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ जोडला तरी येत नाही, ‘-डब्ल्यूकन्व्हर्जन’ वेगळा द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ हा कंपायलर मात्र नेहमीच्या सेटिंगमध्येच ‘माहिती गळण्याची शक्यता’ असे सांगतो. तेव्हा वॉर्निंग आली नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही.

याला थोडा इतिहास आहे. सुरुवातीचे सी कंपायलर लहान आणि मुकाट होते. संशयास्पद मजकूर हुडकण्यासाठी बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास ‘लिंट’ नावाचे स्वतंत्र साधनच लिहिले. लिंट जे सांगे त्यांतले बरेचसे आज कंपायलर स्वतः सांगतो. ते बंद करणे म्हणजे आयती मिळालेली तपासणी नाकारणे होय.

वॉर्निंग न समजता घालवण्याचे सर्वांत महागडे उदाहरण डेबियन या लिनक्स प्रणालीतले आहे. मेमरी तपासणारी साधने ओपनएसएसएल या सुरक्षा लायब्ररीबद्दल ‘आरंभमूल्य न दिलेली मेमरी वाचली जात आहे’ अशी तक्रार करीत. २००६ मध्ये ही तक्रार बंद व्हावी म्हणून तिच्याशी संबंधित ओळी निकामी करण्यात आल्या. त्यांतल्या एका ओळीतून गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी लागणारी सगळी यादृच्छिकता येत होती. ती गेल्यावर प्रोसेसच्या (चालू असलेल्या प्रोग्रामच्या) क्रमांकाएवढाच फरक उरला, म्हणजे एका प्रकारच्या जास्तीत जास्त ३२,७६८ किल्ल्या, आणि त्या तर कोणीही मोजून काढू शकतो. मे २००८ मध्ये दोष उघडकीस आला तेव्हा डेबियन आणि तिच्यावर आधारलेली उबुंटू वापरणाऱ्या असंख्य सर्व्हरांच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. तक्रार मात्र दोन वर्षे बंद होती!

सर्वच वॉर्निंग इतक्या गंभीर नसतात, हेही मान्य केले पाहिजे. न वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग निरुपद्रवी असू शकते. तरी ती व्हेरिएबल पुसून टाकावी, कारण पन्नास निरुपद्रवी ओळींच्या गर्दीत एक घातक ओळ दिसेनाशी होते. भाच्याला सांगा, की वॉर्निंग बंद करणारा पर्याय काढ आणि पैसे व वजन यांचा संबंध असलेल्या फाइलींपासून आरंभ करून एकेक वॉर्निंग दुरुस्त कर. एखादी खरोखरच निरर्थक असेल तर तेवढ्या ओळीपुरतीच बंद करावी आणि शेजारी कारण लिहावे. ‘-डब्ल्यूएरर’ हा पर्याय प्रत्येक वॉर्निंगला एरर मानतो. स्वतःच्या संगणकावर काम करताना तो उत्तम, परंतु दुसऱ्याला मूळ प्रोग्राम देताना काढून टाकावा, कारण त्याच्याकडच्या नव्या कंपायलरने एखादी नवी वॉर्निंग काढली की त्याचे काम विनाकारण अडेल.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या तीन विद्यार्थिनी आहोत. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदींची फाइल तपासणारे साधन आम्ही करीत आहोत. नोंदी देवनागरीत आहेत. आमचे साधन सध्या ‘फाइलमध्ये चूक आहे’ एवढेच सांगून थांबते. चुका आणि सूचना कशा कळवाव्यात? (फर्मागुडी)

उत्तर : इतर पत्रलेखकांना साधनाचा संदेश कसा वाचावा हा प्रश्न आहे, तो कसा लिहावा असे विचारणारे तुमचे पत्र एकटेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रत्येक संदेशात फाइलचे नाव, ओळ, काय सापडले आणि काय अपेक्षित होते, या गोष्टी हव्यातच. ‘रक्कम चुकीची’ यापेक्षा ‘घरपट्टी.सीएसव्ही : ओळ ४१ : एरर : रक्कम या रकान्यात आकडा हवा होता, ‘भरली’ असा शब्द सापडला’ हा संदेश पंचायतीतल्या कारकुनाला तुम्हाला फोन न करता दुरुस्ती करू देतो. फाइल, अपूर्णविराम (कोलन), ओळ हा क्रम मुद्दाम पाळावा, कारण बहुतेक एडिटर तो ओळखतात आणि क्लिक करताच त्या ओळीवर नेतात.

स्तंभाच्या क्रमांकाबाबत, म्हणजे चूक ओळीतल्या कितव्या जागी आहे ते सांगण्याबाबत, मात्र सावध राहा. ‘फोंडा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो फ, ओकार, अनुस्वार, ड आणि काना असा पाच चिन्हांचा आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटांचा. ‘स्तंभ १६’ म्हटल्यावर वाचणाऱ्याने यांपैकी काय मोजायचे? जीसीसीसारख्या मुरलेल्या साधनातही स्तंभ पूर्वी बाइटांत मोजला जाई. ११व्या आवृत्तीपासून पडद्यावरची जागा मोजली जाऊ लागली आणि कोणते माप हवे ते निवडण्याचा पर्याय आला. ओळीखाली बाणासारखी खूण काढली तर देवनागरीत ती हमखास भलत्या अक्षराखाली जाते. तुमच्या कामात रकान्याचे नाव आणि अवतरणात सापडलेला मजकूर देणे अधिक सोपे आणि अधिक खात्रीचे आहे.

एरर कशाला म्हणावे आणि वॉर्निंग कशाला, हे कारकुनाच्या अडचणीवरून ठरवा. रक्कमच नसेल तर बेरीज होऊ शकत नाही, म्हणून ती एरर. घर क्रमांकाच्या रकान्यात ‘०५-जाने’ असे सापडले तर कोणीतरी ५/१ हा क्रमांक लिहिला आणि स्प्रेडशीटने त्याची तारीख केली, असा दाट संशय घ्यावा. बेरीज तरीही होईल, म्हणून ती वॉर्निंग, आणि संदेशात तो संशय लिहूनच टाकावा. देवनागरी आकड्यांना चूक ठरवू नका. पायथनचे पूर्णांकात बदलणारे फंक्शन ‘१२०’ निमूट स्वीकारते, सी भाषेचे स्वीकारत नाही. सी वापरत असाल तर ती सोय तुम्हाला स्वतः करावी लागेल.

गावाच्या नावात चूक असेल तर ‘तुम्हाला अमुक म्हणायचे होते का?’ असे सुचवता येते. किती अक्षरे घातली, गाळली किंवा बदलली म्हणजे एका शब्दाचा दुसरा होतो हे मोजण्याची लेवेनश्टाइन यांची १९६५ मधली रीत यासाठी सर्वत्र वापरली जाते. एक-दोन चिन्हांपेक्षा अधिक फरक असेल तर सुचवू नये. आणि मनाने दुरुस्ती तर कधीच करू नये : पाळी डिचोली तालुक्यात आहे, पाळे तिसवाडीत, दोन्ही गावे खरी, फरक एका मात्रेचा, आणि एकाची घरपट्टी दुसऱ्याच्या खात्यावर गेली तर ती निस्तरायला दोन पंचायती लागतील.

पहिल्या चुकीवर थांबू नका. तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ स्वतंत्र नोंद असल्यामुळे बिघडलेली ओळ सोडून पुढचीवर जाणे अगदी सोपे आहे. प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरला हे सुख नसते. तथापि एकाच कारणाने शेकडो संदेश येत असतील, उदाहरणार्थ रकान्यांचा क्रमच बदलला असेल, तर आरंभीच्या शीर्षकांची ओळ तपासून तिथेच एक संदेश द्यावा आणि थांबावे. क्लँग हा कंपायलर २० एररनंतर आपणहून थांबतो. तुम्हीही अशी मर्यादा ठेवा आणि ती बदलण्याची सोय द्या.

उरले ते संदेश कुठे पाठवायचे. बेरजेचा अहवाल मानक आउटपुटवर आणि एरर व वॉर्निंग मानक एरर या तक्रारींसाठीच्या वेगळ्या मार्गावर छापाव्यात. अहवाल फाइलमध्ये वळवला तरी मग तक्रारी पडद्यावरच दिसतात आणि अहवालात मिसळत नाहीत. साधन संपताना परत जाणारा संकेत काही एरर असल्यास शून्येतर आणि नुसत्या वॉर्निंग असल्यास शून्य ठेवावा, कारण तुमचे साधन उद्या कोणी स्क्रिप्टमधून चालवील तेव्हा ती स्क्रिप्ट मराठी मजकूर वाचणार नाही, तो संकेत तेवढा पाहील. हे सगळे झाल्यावर साधनाला एक रिकामी फाइल, एक अस्तित्वात नसलेली फाइल आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर नसलेली फाइल द्या, आणि तिन्ही वेळा कोणता संदेश व कोणता संकेत मिळतो ते पाहा.